साधी कीं घातक ? : एका निदानाचा इतिहास

स्तनांत गांठ लागली म्हणजे स्त्रीच्या मनांत एकामागून एक दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, तेथें खरोखरच कांहीं आहे काय ? आणि दुसरा, जें आहे तें काय आहे ? पहिल्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें सामर्थ्य मनुष्यानें आपल्या बोटांपासून बलवान् चुंबकापर्यंत पायरीपायरीनें वाढवीत नेलें. त्या वाढीचा इतिहास पुष्कळांस ठाऊक असतो, कारण तो विजयाचा इतिहास आहे. दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास मात्र तितका सरळ नाहीं. दृष्टि जसजशी तीक्ष्ण होत गेली तसतशी दिसणाऱ्या गोष्टींची संख्या वाढली, आणि त्याबरोबरच त्यांपैकीं साधी कोणती व घातक कोणती हें ठरविण्याचें ओझेंहि वाढलें. ज्यास आज सर्वजण एम्. आर्. आय्. म्हणतात, त्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या चित्रांचा स्तनरोगाच्या निदानांत गेल्या अर्धशतकांत जो उपयोग झाला, तो या दुसऱ्या प्रश्नाच्या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद भाग होय. पाहणें आणि ओळखणें या दोन क्रियांत किती अंतर असतें, हें त्यावरून फार चांगलें कळून येतें.

प्रश्नाचें महत्त्व ध्यानीं येण्यास एक गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे. स्तनांतील बहुसंख्य गांठी साध्या असतात. तरुण वयांत आढळणारी, बोटाखालून निसटणारी, फायब्रोअ‍ॅडिनोमा नांवाची गांठ काय, किंवा चाळिशीच्या सुमारास होणारी पाण्याची गांठ काय, यांच्यापासून जिवास अपाय नसतो. परंतु त्याच स्तनांत, जवळजवळ त्याच रूपानें, कर्करोगाची गांठहि असूं शकते. पहिलीस दुसरी समजलें तर निष्कारण अवयव जातो. दुसरीस पहिली समजलें तर प्राण जातो.

हा प्रश्न फार जुना आहे. एडविन स्मिथ याच्या नांवानें ओळखला जाणारा ईजिप्तमधील वैद्यकीय पपायरस इसवी सनापूर्वी सुमारें १६०० च्या वेळचा असून त्यांतील मूळ मजकूर त्याहूनहि जुना असावा असें विद्वानांचें मत आहे. त्यांत छातीवरील फुगीर गांठींचें एक प्रकरण आहे. वैद्यानें हात ठेवून पाहावें, गांठ स्पर्शास गार आहे काय, तींत कांहीं स्राव आहे काय, हें तपासावें, असें सांगून या विकारास उपाय नाहीं अशी स्पष्ट कबुली तेथें दिली आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत ग्रंथि आणि अर्बुद यांचीं लक्षणें निरनिराळीं दिलीं आहेत; म्हणजे सगळ्याच गांठी एका जातीच्या नव्हेत हा विवेक येथेंहि प्राचीन काळापासून होता. परंतु या सर्वांचें साधन एकच, तें म्हणजे वैद्याचा हात व त्याचा डोळा.

या साधनांची मर्यादा किती भयंकर होती याचें एक उदाहरण इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत सांपडतें. ‘एव्हिलिना’ या १७७८ सालच्या कादंबरीची लेखिका फॅनी बर्नी इंग्रजी वाचणारांस परिचित आहे. तिच्या रोजनिशीवर मेकॉलेनें १८४३ सालीं लिहिलेला निबंधहि पुष्कळांच्या वाचनांत आला असेल. परंतु याच बर्नीनें आपली बहीण एस्थर हिला १८१२ सालीं लिहिलेलें एक पत्र वैद्यकाच्या इतिहासांत अधिक महत्त्वाचें ठरलें आहे. ३० सप्टेंबर १८११ रोजीं पॅरिस येथें, तिच्या राहत्या घरीं, नेपोलियनच्या सैन्यांतील प्रख्यात शस्त्रवैद्य लारे यानें तिचा उजवा स्तन कापून काढला. ईथरची भूल प्रचारांत येण्यास अजून पस्तीस वर्षें अवकाश होता. बर्नी त्या वेळीं ५९ वर्षांची होती, व शस्त्रक्रिया चालूं असतांना ती बहुतेक काळ शुद्धीवर होती. पुढें ती १८४० पर्यंत, म्हणजे तब्बल २८ वर्षें जगली. यांत शस्त्रवैद्याच्या कौशल्याचा विजय मानावा, कीं ती गांठ मुळांत साधीच होती असें समजावें ? या प्रश्नाचें निश्चित उत्तर आज कोणासहि देतां येत नाहीं. गांठ काढल्यावर ती डॉक्टरांनीं नुसत्या डोळ्यांनीं पाहिली. रोगट पेशी सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ओळखण्याचें शास्त्र त्या वेळीं जन्मासच आलें नव्हतें. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर याचा गांठींच्या सूक्ष्म रचनेवरील ग्रंथ १८३८ सालीं बाहेर पडला.

सूक्ष्मदर्शकानें निवाड्याचें न्यायासन प्रथमच स्थापन केलें, आणि आजतागायत तें तेथेंच आहे. परंतु न्यायासन मिळालें म्हणून आरोपीचे हाल संपले असें झालें नाहीं. १८९४ सालीं अमेरिकेंतील बॉल्टिमोर येथील हॉल्स्टेड यानें स्तन, त्याखालील छातीचे स्नायु व काखेंतील ग्रंथि एकत्र काढून टाकण्याच्या आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, व पुढें पाऊणशें वर्षें तीच प्रमाण मानली गेली. १९०५ सालीं मेयो बंधूंच्या रुग्णालयांतील लुई विल्सन यानें गांठीचा तुकडा तत्क्षणीं गोठवून कांहीं मिनिटांत तपासण्याची सोपी पद्धति बसविली. शस्त्रवैद्यांची मोठीच सोय झाली. पण रुग्णाच्या दृष्टीनें पाहतां तींतून एक चमत्कारिक वहिवाट निघाली. स्त्रीनें टेबलावर जाण्यापूर्वीं संमतिपत्रावर सही करावी, तिला भूल द्यावी, तुकडा काढावा, तो साधा निघाल्यास जखम शिवावी, घातक निघाल्यास त्याच बैठकींत सारा स्तन काढावा. शुद्धीवर आल्यावर आपला हात छातीकडे नेऊन तिनें स्वतःच निकाल समजून घ्यावयाचा ! रोझ कुशनर या अमेरिकन वृत्तपत्रलेखिकेस १९७४ सालीं हा प्रसंग आला, तेव्हां तिनें ही वहिवाट नाकारली व तिच्याविरुद्ध लेखणी उचलली. १९७९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें बोलाविलेल्या तज्ज्ञमंडळांत कुशनर स्वतः सभासद होती, आणि निदान व शस्त्रक्रिया या दोन वेगवेगळ्या पायऱ्या असाव्यात अशी शिफारस त्या मंडळानें केली. निदान ही शस्त्रक्रियेची केवळ प्रस्तावना नसून रुग्णाच्या हक्काची स्वतंत्र गोष्ट आहे, हें तत्त्व अशा रीतीनें मान्य झालें. ज्या यंत्राची कथा पुढें सांगावयाची आहे, त्याकडून अपेक्षा काय होती हें या पार्श्वभूमीवरच समजतें. सुरी लावण्यापूर्वींच गांठीचें स्वरूप कळावें, एवढीच ती अपेक्षा होती.

चुंबकापूर्वीं क्ष-किरणांनीं हा प्रयत्न केला होता. बर्लिनचा शस्त्रवैद्य आल्बर्ट सालोमन यानें १९१३ सालीं कापून काढलेल्या सुमारें ३००० स्तनांचीं क्ष-किरणचित्रें घेऊन रोगाच्या खुणा शोधिल्या. ह्यूस्टन येथील रॉबर्ट ईगन यानें १९६० सालीं जिवंत स्तनाचें चित्र घेण्याची भरंवशाची रीत प्रसिद्ध केली, आणि मॅमोग्राफी सर्वत्र रूढ झाली. परंतु क्ष-किरणांचें चित्र म्हणजे अखेर सावली. ज्या स्तनांत चरबी अधिक तेथें गांठीची पांढरी सावली काळसर पार्श्वभूमीवर उठून दिसते. ज्यांत ग्रंथिल भाग दाट असतो, आणि तरुण स्त्रियांत तो बहुधा असतो, तेथें पांढऱ्यावर पांढरें असा प्रकार होऊन गांठ लपून जाते. शिवाय सावलीवरून आकार कळतो, स्वभाव कळत नाहीं.

चुंबकीय अनुस्पंदनाचा शोध वैद्यकासाठीं लागलेला नव्हे. तो शुद्ध पदार्थविज्ञानाचा शोध आहे. पाण्याच्या प्रत्येक कणांत हायड्रोजनचे दोन अणु असतात. त्यांच्या केंद्रकास एखाद्या भोंवऱ्याची उपमा देतां येईल. मात्र या भोंवऱ्याच्या अंगीं लोहचुंबकाचा सूक्ष्म गुण असतो. बलवान् चुंबकाच्या प्रभावाखालीं यांतील थोडे अधिक केंद्रक एका दिशेस धरून राहतात. विशिष्ट कंपनसंख्येच्या रेडिओलहरींनीं ढकलले असतां कलतात. आणि लहरी थांबतांच पूर्वस्थितीवर येतांना स्वतःच क्षीण लहरी सोडतात. अमेरिकेंत फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांनीं १९४६ सालीं ही गोष्ट घन व द्रव पदार्थांत स्वतंत्रपणें दाखवून दिली व त्याबद्दल त्यांस १९५२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. केंद्रकांस पूर्वस्थितीवर येण्यास किती वेळ लागतो हें भोंवतालच्या द्रव्यावर अवलंबून असतें. म्हणजे पाणी कोणत्या संगतींत आहे हें तें स्वतःच सांगूं लागतें.

रेमंड डामेडियन या न्यूयॉर्कच्या वैद्यानें या गोष्टीचा धागा रोगनिदानाकडे वळविला. मार्च १९७१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांत उंदरांच्या सहा निरोगी अवयवांची व दोन प्रकारच्या घातक गांठींची तुलना होती. घातक गांठींतील पाण्याचा हा विसाव्याचा काळ निरोगी अवयवांच्या मर्यादेबाहेर, लांबलेला, आढळला. विशेष म्हणजे या पहिल्याच निबंधांत त्यानें दोन साध्या फायब्रोअ‍ॅडिनोमा गांठीहि मोजल्या होत्या. त्यांचा आंकडा घातक गांठींपासून वेगळा व स्नायूंच्या आंकड्याइतका निघाला. साधी कीं घातक हा प्रश्न चुंबकाच्या वैद्यकीय इतिहासांत मागाहून शिरला नाहीं. तो त्याच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे. यंत्रांत तुकडा ठेवावा, एक आंकडा यावा, आणि त्या आंकड्यानें निकाल द्यावा, असें मोहक स्वप्न त्या निबंधानें जगापुढें ठेविलें.

स्वप्नाचा अर्धा भाग लवकरच खरा झाला. पॉल लॉटरबर यानें चुंबकीय क्षेत्राची तीव्रता जागोजाग बदलून लहरी शरीराच्या कोणत्या भागांतून आल्या हें ओळखण्याची युक्ति काढली व १९७३ सालीं पाण्यानें भरलेल्या दोन बारीक नळ्यांचें चित्र प्रसिद्ध केलें. इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें पीटर मॅन्सफील्ड यानें त्याच दिशेनें काम केलें, आणि १९७९ सालीं त्याच्या मंडळींनीं कर्करोगानें ग्रासलेल्या स्तनाचें चुंबकीय चित्र छापलें. २००३ सालचें नोबेल पारितोषिक लॉटरबर व मॅन्सफील्ड यांस मिळालें. डामेडियन वगळला गेला व त्यानें वर्तमानपत्रांतून पानभर जाहिराती देऊन आपला निषेध नोंदविला. श्रेयाच्या त्या वादांत पडण्याचें येथें कारण नाहीं.

आपल्या विषयास महत्त्वाचा तो स्वप्नाचा दुसरा अर्धा भाग. आणि तो खरा ठरला नाहीं. अनेक प्रयोगशाळांतून मनुष्याच्या ऊतकांचीं मोजमापें झालीं, तेव्हां साध्या व घातक गांठींचे आंकडे एकमेकांत मिसळलेले आढळले. ज्या गांठींत पाणी अधिक तिचा विसाव्याचा काळ लांब; मग ती साधी असो वा घातक. निरोगी ग्रंथिल भागहि कधीं कधीं त्याच मर्यादेंत येई. स्तनाचीं चित्रें सुरेख दिसूं लागलीं, पण त्यांतील गांठ कोणत्या जातीची हें सांगणारा एकच एक आंकडा निसर्गानें ठेविलेला नव्हता.

यांतून पुढें जाण्याचा मार्ग एका निराळ्याच विचारानें दाखविला. योगायोग असा कीं तोहि १९७१ सालचाच. बोस्टन येथील शस्त्रवैद्य ज्यूडा फोकमन यानें त्या वर्षीं असें प्रतिपादन केलें कीं, घातक गांठीस थोड्या मिलिमीटरांपलीकडे वाढावयाचें तर नव्या रक्तवाहिन्या निर्माण करवून घेणें तिला भाग असतें. या घाईघाईनें उभारलेल्या वाहिन्यांचें बांधकाम कच्चें असतें, आणि त्यांतून द्रव बाहेर झिरपतो. तेव्हां गांठ कशी दिसते हें विचारण्याऐवजीं ती रक्त कसें घेते व कसें सोडते हें विचारलें तर ? बर्लिन येथें शेरिंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं गॅडोलिनियम या मूलद्रव्याचें एक संयुग तयार केलें होतें. गॅडोलिनियमचा चुंबकीय गुण असा कीं, जेथें तें पोंचतें तेथील पाणी चित्रांत उजळ दिसतें. म्यूनिक येथील झिल्विया हेवांग व त्यांचे सहकारी यांनीं हें द्रव्य शिरेंतून देऊन स्तनाचीं चित्रें घेतलीं व १९८६ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. कर्करोग काळोखांत दिवा लावावा तसा उजळला.

आनंद झाला, पण तो निर्भेळ नव्हता. कारण कर्करोगाबरोबर पुष्कळ फायब्रोअ‍ॅडिनोमाहि उजळले. मासिक पाळीच्या कांहीं दिवसांत तर निरोगी स्तनहि जागोजाग उजळतो. म्हणूनच आतां ही तपासणी, घाई नसल्यास, पाळीच्या दुसऱ्या आठवड्यांत करण्याचा प्रघात आहे. उजेड हा पुरावा खरा, पण तो कशाचा पुरावा ? येथें वेर्नर काइझर या जर्मन वैद्यानें उजळण्यापेक्षां उजळण्याच्या वेगाकडे लक्ष वेधलें. एका चित्रावर समाधान न मानतां औषध दिल्यानंतर भराभर एकामागून एक चित्रें घ्यावींत, म्हणजे गांठ किती लवकर उजळते हें दिसेल, असें त्यानें व त्झाइटलर यानें १९८९ सालीं दाखविलें. कर्करोग बहुधा पहिल्या एक-दोन मिनिटांतच उजळतो. साधी गांठ बहुधा सावकाश.

या विचारास आंकड्यांचा आधार दिला तो बॉन येथील क्रिस्टियाने कूल यांनीं. १९९९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत उजळणाऱ्या २६६ गांठी होत्या. त्यांपैकीं अखेर १०१ घातक व १६५ साध्या ठरल्या. प्रत्येक गांठीची उजळ वाढण्या-उतरण्याची रेषा आलेखावर काढली असतां तीन प्रकार पडले. पहिल्यांत उजेड शेवटपर्यंत चढत राहतो. दुसऱ्यांत तो चढून स्थिर होतो. तिसऱ्यांत तो झपाट्यानें चढून लगेच ओसरूं लागतो, जणू कच्च्या वाहिन्यांतून आंत आलेलें औषध तितक्याच घाईनें बाहेर पडतें. पहिल्या प्रकारच्या गांठींत घातक अवघ्या शेंकडा ६ निघाल्या, दुसऱ्यांत ६४, आणि तिसऱ्यांत ८७. गांठीच्या रूपावरून नव्हे तर वर्तनावरून तिची पारख करण्याचा हा प्रयत्न यशस्वी झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तथापि हेच आंकडे उलट बाजूनें वाचावयास हवेत. १०१ कर्करोगांपैकीं ९ जणांनीं साध्या गांठीचें सभ्य वर्तन धारण केलें होतें. आणि १६५ साध्या गांठींपैकीं ९ जणींनीं कर्करोगाचें. संख्या थोडी आहे, पण त्या पहिल्या नवांत आपली बहीण किंवा पत्नी असली तर शेंकडेवारीचें समाधान किती टिकेल ? निसर्गानें दोन जातींमध्यें भिंत घातलेली नाहीं, केवळ उतार ठेविला आहे. यंत्र त्या उतारावर आपण कोठें उभे आहों एवढें सांगूं शकतें.

म्हणून पुढील काळांत जाणत्यांनीं एकाच लक्षणावर भिस्त ठेवणें सोडलें, आणि टाकून दिलेलें रूप पुन्हां बोलाविलें. गांठीची कड गुळगुळीत आहे कीं मुळ्या फुटल्यासारखी, ती आंतून सारखी उजळते कीं केवळ कडेनें कड्यासारखी, तिच्या पोटांत फायब्रोअ‍ॅडिनोमांत आढळणाऱ्या काळ्या रेषा आहेत काय, हें सर्व वर्तनाच्या रेषेबरोबर जमेस धरण्यांत येऊं लागलें. अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या मंडळानें मॅमोग्राफीच्या अहवालांसाठीं १९९३ सालीं एक ठराविक परिभाषा केली होती; २००३ सालीं तींत चुंबकीय चित्रांचा समावेश झाला. या पद्धतींत प्रत्येक अहवालास एक क्रमांक मिळतो. तिसऱ्या क्रमांकांत कर्करोगाची शक्यता शेंकडा २ हून अधिक नसावी, पांचव्यांत ती ९५ किंवा अधिक असावी. आणि मधला सारा विस्तार चौथ्या क्रमांकाचा. दोन आणि पंच्याण्णव यांच्यामधील हा अफाट प्रदेश म्हणजे आपल्या अज्ञानाचा प्रामाणिक नकाशा होय. पुढें २०१३ सालीं पाश्काल बाल्टझर प्रभृतींनीं पांच लक्षणांवरून १ ते ११ पर्यंत गुण देण्याची एक पद्धति सुचविली. ती आज काइझरच्या नांवानें ओळखली जाते, आणि चाराहून अधिक गुण आल्यास तुकडा तपासण्याचा सल्ला देण्यांत येतो.

अशा रीतीनें घडलेल्या साधनाचा प्रत्यक्ष फायदा किती ? येथें तीन अभ्यास बोलके आहेत. ज्यांच्या घराण्यांत हा रोग आहे अशा १९०९ डच स्त्रियांच्या २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, पसरूं लागलेल्या दर १०० कर्करोगांपैकीं हातांनीं सुमारें १८, मॅमोग्राफीनें ३३ व चुंबकानें जवळजवळ ८० पकडले. हा लाभ असामान्य होय. पण रोग नसलेल्या दर १०० स्त्रियांपैकीं चुंबकानें १० जणींवर संशय घेतला, तो मॅमोग्राफीनें ५ जणींवर व हातानें २ जणींवर घेतला होता. दुसरी पाहणीहि नेदरलंडचीच, २०१९ सालची. अत्यंत दाट स्तनांच्या ४०,००० हून अधिक स्त्रियांपैकीं ८०६१ जणींस चुंबकीय तपासणीचें निमंत्रण देण्यांत आलें. दोन तपासण्यांच्या मधल्या काळांत अचानक उद्भवणारे कर्करोग निमंत्रितांमध्यें दर हजारीं २.५ व इतरांत ५ आढळले, म्हणजे निम्म्यावर आले. त्याच वेळीं दर हजार चुंबकीय तपासण्यांमागें सुमारें ८० स्त्रियांस खोटी धास्ती सोसावी लागली. व ज्यांचा तुकडा काढला त्यांपैकीं सुमारें चतुर्थांशांतच कर्करोग निघाला.

तिसरा अभ्यास ब्रिटनचा, २०१० सालचा, आणि तो यंत्राच्या भक्तांस खाली पाहावयास लावणारा आहे. रोगाचें निदान झालेल्या व स्तन वांचवून केवळ गांठ काढावयाचें ठरलेल्या १६२३ स्त्रिया ४५ रुग्णालयांतून निवडल्या. अर्ध्या जणींचें शस्त्रक्रियेपूर्वीं चुंबकीय चित्र काढलें, अर्ध्यांचें नाहीं. अधिक स्पष्ट चित्र हातीं असल्यावर पहिलीच शस्त्रक्रिया पुरी होईल व पुन्हां टेबलावर जाण्याची पाळी कमी येईल, ही अपेक्षा अगदीं स्वाभाविक होती. प्रत्यक्षांत दोन्ही गटांत शेंकडा १९ जणींस पुन्हां जावें लागलें. उलट चित्र काढलेल्यांपैकीं अधिक स्त्रियांचा संपूर्ण स्तन काढण्याचा निर्णय झाला, आणि त्यांतील कांहींच्या बाबतींत तो अनावश्यक होता. यंत्रानें दाखविलेल्या प्रत्येक ठिपक्यास घातक मानलें कीं हॉल्स्टेडची सुरी मागील दारानें परत येते ! म्हणून आतां केवळ चुंबकासच दिसलेल्या संशयास्पद जागेचा तुकडा सुईनें काढून तपासल्याशिवाय शस्त्रक्रियेचा बेत वाढवूं नये, असा दंडक तज्ज्ञांनीं घातला आहे. आणि चुंबकाच्या मार्गदर्शनाखालीं तशी सुई घालण्याचीं साधनेंहि निघालीं आहेत.

सुईची गरज कमी करण्याचा एक प्रयत्न अलीकडे विशेष आशादायक ठरला आहे. यांत पाण्याच्या कणांची हालचाल मोजतात. घातक गांठींत पेशींची दाटी फार, त्यामुळें पाण्यास इकडे तिकडे फिरावयास वाव कमी. डामेडियननें १९७१ सालीं म्हटलें होतें कीं घातक गांठींतील पाणी अधिक मोकळें असतें; ही नवी मोजणी म्हणते कीं तें अडकलेलें असतें. वरवर पाहतां हा विरोध दिसतो, पण एकानें मोजलें तें कणांचें सूक्ष्म चांचल्य, दुसऱ्यानें मोजला तो पेशींच्या गर्दींतून होणारा प्रवास. २०१९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत या मोजणीच्या साहाय्यानें, एकहि कर्करोग न गमावतां, सुमारें पंचमांश सुया टाळतां आल्या असत्या असें आढळलें. त्या अभ्यासांतील गांठी शंभराच्या आंतच होत्या, हें मात्र विसरूं नये. या पद्धतीस गॅडोलिनियम लागत नाहीं हाहि तिचा एक गुण; कारण मूत्रपिंडें निकामी झालेल्या रुग्णांत त्या द्रव्याच्या कांहीं संयुगांपासून त्वचेचा भयंकर विकार होतो हें २००६ पासून उघड झालें, आणि कांहीं संयुगांचा अंश शरीरांत मागें राहतो म्हणून युरोपांत २०१७ सालीं त्यांच्यावर निर्बंध आले.

हें सर्व वाचून, ज्या देशांत अशीं यंत्रें मोठ्या शहरांपुरतीं आणि तपासणीचा खर्च सामान्य घरास न पेलणारा, तेथें या इतिहासाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर मुंबईनेंच दिलें आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या वैद्यांनीं १९९८ पासून मुंबईंतील १,५१,५३८ स्त्रियांची एक दीर्घ पाहणी चालविली व तिचे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध केले. अर्ध्या वस्त्यांतून शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं स्त्रियांचे स्तन हातांनीं तपासीत. यंत्र कोणतेंहि नव्हतें. तपासलेल्या स्त्रियांत रोग अधिक आधींच्या अवस्थेंत सांपडला, आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ शेंकडा ३० नीं कमी झाले. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसून आला नाहीं. या हातांनीं साधी कीं घातक याचा निवाडा केला नाहीं. त्यांनीं संशय घेतला व संशयितेस वेळेवर रुग्णालयांत पोंचविलें. निवाडा तेथें सूक्ष्मदर्शकानें केला.

या कथेंतून घ्यावयाचा बोध मला तरी एवढाच दिसतो. हात, क्ष-किरण व चुंबक हे एकाहून एक तीक्ष्ण साक्षीदार आहेत. त्यांतला चुंबक तर गांठीचें रूपच नव्हे, तिचें वर्तनहि सांगतो. पण साक्षीदारास न्यायाधीश मानण्याची घाई ज्या ज्या वेळीं झाली, त्या त्या वेळीं तिची किंमत स्त्रियांनीं आपल्या देहानें भरली. ज्या घरांत अशा तपासणीचा अहवाल येईल त्या घरानें तो वाचतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ‘संशयास्पद’ हा शब्द शिक्षा नव्हे. तो पुढील तपासाचा हुकूम आहे. त्यानें घाबरून सर्वस्व कापून टाकण्यास धांवूं नये, आणि त्याच्या भयानें अहवाल कपाटांत लपवूनहि ठेवूं नये. सुईनें काढलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासून होईपर्यंत धीर धरणें, आणि तो तपासून घेण्यास एक दिवसहि उशीर न करणें, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधावयाच्या आहेत.